जांभळी आत्याचे ओठ

बयो,

काल रात्री दीड वाजता तू ते चित्र पाठवलंस आणि खाली एवढंच लिहिलंस, "ताई, आपली छकुली अशी होणार का गं?" मी जागीच होते. मुद्दाम उत्तर दिलं नाही. रात्री दीडला माणूस विचारतं एक आणि ऐकतं भलतंच. आज लॅबमधून आले, दोन घास खाल्ले आणि आता निवांत बसलेय. पोर झोपली की वाच. आत्याला दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव. ती तुझी सासू नंतर झाली, माझी आत्या आधीपासून आहे. तिला टोचेल असंही थोडं लिहिणार आहे मी.

आधी त्या चित्राचं बोलू. तो फोटो नाहीच मुळी. १९८२ साली अमेरिकेतल्या एका विज्ञान मासिकात त्या कुटुंबावर लेख आला, तेव्हा चित्रकाराकडून काढून घेतलेलं ते चित्र आहे. पुढे कुणीतरी ते जुना फोटो म्हणून फिरवलं आणि फिरत फिरत ते तुमच्या घरच्या ग्रुपवर पोचलं. अगं, ज्या काळातलं म्हणून ते दाखवतात त्या काळात रंगीत फोटो होते कुठे? निळी शाई ओतल्यासारखे ते चेहरे चित्रकाराचे आहेत. माणसं मात्र खरी होती. त्यांची गोष्ट तुला सांगतेच, कारण ग्रुपवर चित्र आलं, गोष्ट आली नाही.

केंटकी राज्याच्या पूर्वेला ॲपलाचियन डोंगर आहेत. तिथे हॅझर्ड नावाच्या गावाजवळ एक ओढा वाहतो, त्याचं नाव ट्रबलसम क्रीक. म्हणजे त्रास देणारा ओढा. नावातच सगळं आलं. १८२० च्या सुमारास त्या ओढ्याकाठी मार्टिन फ्युगेट नावाचा माणूस येऊन राहिला. फ्रान्सकडून आलेला अनाथ पोर, असं त्या घराण्यात सांगत आले. त्यानं एलिझाबेथ स्मिथ नावाच्या गोऱ्यापान, लाल केसांच्या मुलीशी लग्न केलं. सात मुलं झाली, त्यातली चार निळी, असं सांगतात.

आता योगायोग बघ. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच अंगावर दिसतो. एकाकडून आला तर माणूस धडधाकट आणि गोरंगोमटं, फक्त आत कुठेतरी तो दोष घेऊन फिरणारं. इतका दुर्मीळ दोष असलेली दोन माणसं, आधीचं काही नातं नसताना, त्या आडरानात एकमेकांच्या समोर यावीत! पुढचं मात्र योगायोगावर राहिलं नाही. रस्ते नव्हते. रेल्वे यायला १९१० नंतरची वर्षं उजाडली. दोन डोंगरांच्या बेचक्यात चार घरं, ती चारही एकमेकांची पाव्हणी. मुलं लग्नाची झाली की मुली कुठून आणायच्या? चुलत, मामे, आते, जे जवळ तेच घरात. मार्टिनच्या झकाराया नावाच्या मुलानं तर सख्ख्या मावशीशी लग्न केलं.

नाक मुरडू नकोस. तुला आतेभावाला दिली तेव्हा आपल्या मांडवात कुणी नाक मुरडलं होतं? "घरातली मुलगी घरातच राहिली" म्हणून आप्पांनी पेढे वाटले होते. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत आहे, आणि ओढा ओलांडून कर्नाटकात चार मैल गेलं की मामा-भाचीची लग्नंसुद्धा सर्रास. वाटणी टळते, हुंडा टळतो, सासू ओळखीची असते. हे फायदे मी खोटे म्हणत नाही. फक्त जमिनीबरोबर रक्तातलंही घरातच राहतं, एवढं कुणी सांगत नाही.

त्या फ्युगेटांच्या घराण्यात ल्यूना नावाची एक बाई होऊन गेली. सगळ्यांत निळी तीच, असं लोक सांगायचे. ओठ तर माराच्या वळासारखे काळेनिळे. तिला तेरा मुलं झाली आणि ती ८४ वर्षं जगली. पुन्हा वाच. तेरा मुलं, ८४ वर्षं.

आता आपल्या जांभळी आत्याकडे येते.

तुला ती आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस ती गेली तेव्हा. आप्पांची आणि तुझ्या सासूची आत्या, आजोबांची धाकटी बहीण. खरं नाव काय होतं ते मला आजतागायत ठाऊक नाही. सगळे जांभळीच म्हणायचे. वर्षाचे बारा महिने ओठ आणि नखं जांभळं खाऊन आल्यासारखी. मी सहा-सात वर्षांची असताना परड्यात जायचे, तर ती जात्यापाशी बसलेली असायची. मला वाटायचं, हिनं कुठेतरी जांभळं लपवून ठेवलीत आणि मला देत नाही. एकदा मी तिच्या कमरेचा बटवा ओढून बघितला. आत सुपारी आणि एक घडी घातलेली पाच रुपयांची नोट.

तिचं लग्न झालं नाही. "तिच्या काळजाला भोक आहे" असं घरात ठरलेलं होतं. कुणी तपासलं होतं? कुणीच नाही. काळजाला भोक असलेली ती बाई पहाटे चारला उठून पायलीभर दळायची, विहिरीवरून दोन-दोन घागरी आणायची आणि पाव्हणे आले की परड्यातल्या खोलीत जाऊन बसायची. गेली तेव्हा ऐंशीच्या घरात होती. आजाराने नाही गं गेली, पाय घसरून पडली, खुबा मोडला, त्यात गेली.

ल्यूनाचे ओठ आणि हिचे ओठ एकाच रंगाचे होते, असं आज मला खात्रीनं वाटतं. एकीला तेरा लेकरं, दुसरीला परड्यातली खोली.

छकुली झाली त्या रात्रीचं तुला सगळंच आठवत असेल असं नाही, तू अर्धवट गुंगीत होतीस. पोर रडली छान, वजन छान, पण रंग सुधारेना. काचेच्या पेटीत ठेवलं, ऑक्सिजन लावला, तरी सॅच्युरेशन ८६ च्या वर सरकेना. हृदयाची टूडी इको केली, ती स्वच्छ. छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टरांनी बाहेर येऊन सरळ विचारलं, "घरात कुणाला असा रंग होता का?" आत्या माझ्या शेजारी उभी होती. एका क्षणात म्हणाली, "नाही हो. आमच्यात कुणाला काही नाही."

तिच्यावर रागावू नकोस. ती खोटं बोलली नाही, ती सवयीनं बोलली. पन्नास वर्षं जे पाव्हण्यांना सांगितलं तेच डॉक्टरांना सांगितलं. आणि दोष द्यायचा तर मला आधी दे. छकुलीच्या धमनीतलं रक्त तपासायला आलं ते माझ्याच टेबलावर. कागदावर ऑक्सिजनचा आकडा उत्तम, आणि सिरिंजमधलं रक्त मात्र काळपट. मी काय समजले? सुई शिरेत गेली असेल, नमुना चुकलाय. बावीस वर्षं रक्त बघणारी मी, आणि आकडा खरा की डोळे खरे एवढं विचारायला थांबले नाही. दुसरा नमुना मागवला. तोही तसाच. तेव्हाही मी नमुना आणणाऱ्या मुलाला झापलं, "अरे, धमनी सापडत नाही का तुला?"

वाट सापडली ती आजीमुळे. बारशाच्या आदल्या दिवशी ती फोनवर मला म्हणाली, "पोरीचे ओठ जांभळीसारखे आहेत का गं?" बस्स. मी फोन हातात धरून उभीच राहिले.

गंमत म्हणजे केंटकीतही अगदी असंच झालं होतं. १९७५ साली त्याच घराण्यात एक मुलगा जन्मला, जवळजवळ जांभळा. डॉक्टर घाबरले, अँब्युलन्सनं त्याला लेक्सिंग्टनच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात नेलं. तपासण्यांवर तपासण्या. रक्त बदलायची तयारी चाललेली. तेवढ्यात त्या मुलाच्या आजीनं डॉक्टरांना विचारलं, तुम्ही ट्रबलसम क्रीकच्या निळ्या फ्युगेटांबद्दल कधी ऐकलंय का? मग बापाच्या ध्यानात आलं, आपली आजी ल्यूना निळीच होती की. रक्त चढवायची वेळ आली नाही. त्या मुलाकडे दोष एकाच बाजूनं आलेला असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं. काही आठवड्यांत रंग उतरला. पुढे थंडीत कुडकुडला किंवा रागावला की ओठ आणि नखं तेवढी निळी व्हायची, बाकी काही नाही.

आजीच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी बारशाला आले तेव्हा मी पर्समध्ये गाळणकागद घेऊन आले होते, हे तुला कुठे माहीत! डॉक्टरांशी बोलूनच आले होते, म्हणून तर तुला म्हटलं की टाचेतून एक थेंब लागणार आहे. आठवतं, कागदावर तिचा थेंब टाकला आणि शेजारी माझ्या बोटाचा? दोघी बघत बसलो. माझा थेंब हवा लागली तसा लालभडक उजळत गेला. तिचा तिथल्या तिथे राहिला, काकवीच्या रंगाचा. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला सांडलेली असते ना काकवी, वाळत चाललेली, अगदी तसा. पुढे मुंबईला नमुना गेला. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे, आपल्या देशातल्या घराण्यांमधला हा आजार तिथल्या लोकांनी आधीही नोंदवलेला आहे. तिथून जे आलं ते त्या काकवीच्या थेंबात दिसलंच होतं. मेथेमोग्लोबिन १९ टक्के. ते धड माणसात टक्काभर असतं, जेमतेम.

हा शब्द ऐकला की तुझे डोळे मोठे होतात, म्हणून आपल्या भाषेत सांगते. आजीच्या न्हाणीघरातली तांब्याची कळशी आठव. रोज वापरातली, तरी रोज थोडी कळकायची. रोज सकाळी चिंच-मीठ लावून घासली की पुन्हा लख्ख. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, तेच ऑक्सिजन उचलून अंगभर पोचवतं. त्या लोहाचंही असंच, तुझ्यामाझ्या सगळ्यांच्या अंगात रोज शंभरातलं एखाददुसरं हिमोग्लोबिन कळकतं. कळकलेलं हिमोग्लोबिन म्हणजे मेथेमोग्लोबिन. ते तपकिरी दिसतं आणि ऑक्सिजन उचलत नाही. आता ते रोज घासायला एक एन्झाइम नेमलेलं आहे, सायटोक्रोम बी५ रिडक्टेज. छकुलीच्या रक्तपेशींत ही घासणारी बाई कमी पडते. मग कळकट साठत जातं. आणि रंग दिसायला फार लागत नाही. हृदयाच्या आजारात पोर निळं दिसायला ऑक्सिजन न मिळालेलं हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तात पाच ग्रॅमच्या आसपास साठावं लागतं, मेथेमोग्लोबिन दीड ग्रॅम साठलं तरी पुरतं. म्हणूनच रंग एवढा भयंकर दिसतो आणि पोर तरी खिदळत असते. रंग बोंब मारतो तेवढं आत काही घडत नसतं.

हे कोडं सुटलं तेही मोठ्या रुग्णालयात नाही. उत्तर आयर्लंडमधल्या लर्गन गावी जेम्स डीनी नावाचे साधे गावचे डॉक्टर होते. १९४० च्या दशकात त्यांच्याकडे दोन निळे भाऊ होते. डीनींनी व्हिटॅमिन सी देऊन पाहिलं आणि रंग उतरला! मग बेलफास्टच्या क्वेंटिन गिब्सन यांनी शोधून काढलं की बिघाड नेमका या एन्झाइममध्ये आहे. १९४८ ची गोष्ट. घराण्यात चालत आलेला आजार एका एन्झाइमच्या तुटवड्यानं होतो, हे पहिल्यांदा दाखवलं गेलं ते याच निळ्या माणसांवरून. तुझी लेक काही ऐऱ्यागैऱ्या आजाराची नाही, कळलं?

केंटकीत मात्र अजून कुणाला पत्ता नव्हता. तिथे कुणी म्हणे हृदय, कुणी म्हणे फुप्फुस, आणि एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं की त्यांचं रक्त कातडीच्या जरा जास्तच जवळ आहे. आपल्याकडच्या ग्रहणात सुरी धरली, दृष्ट लागली, लोखंडाची गोळी घेतली म्हणून काळी झाली, या यादीत हेही घाल. मग १९६० च्या सुमारास मॅडिसन कॉवाइन नावाचे रक्ताचे डॉक्टर लेक्सिंग्टनहून डोंगरात आले. हॅझर्डमध्ये रूथ पेंडरग्रास नावाच्या नर्सबाई होत्या. त्यांनी एकदा थंडीत रक्त तपासायला आलेली नीळ लावल्यासारखी एक बाई पाहिली होती आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोरून हललेली नव्हती. दोघं त्या निळ्या लोकांना शोधत डोंगरात हिंडले. शेवटी एक भाऊ-बहीण आपणहून दवाखान्यात आले. दोघंही निळे, आणि त्या निळेपणाची इतकी लाज की भिंतीला चिकटून उभे.

कॉवाइननी हृदय तपासलं, ठीक. मग त्यांच्या वाचनात अलास्कातल्या मूळ रहिवाशांवरचा एक शोधनिबंध आला, तिथेही हाच तुटवडा घराण्यात चालत आलेला सापडला होता. कळकलेलं रक्त उजळायला मेथिलीन ब्लू चालेल, हे त्यांनी ताडलं. निळ्या माणसाला निळंच औषध! लोकांना वाटलं, डॉक्टरच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या भावा-बहिणीला १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत निळा रंग ओसरला, कातडी गुलाबी झाली. जन्मात पहिल्यांदा. त्यांना काय वाटलं असेल, मी कितीदा विचार केलाय. आरशात बघितलं असेल, की आधी एकमेकांकडे?

मेथिलीन ब्लू माझ्या रोजच्या हाताखालचं, माहितेय तुला. थुंकीच्या पट्टीवर क्षयाचे जंतू लाल दिसावेत म्हणून मागची जमीन आम्ही त्यानं निळी करतो. माझी नखं बघून तू नेहमी म्हणायचीस, "ताई, शाई सांडलीस का?" तेच औषध. त्याची खुबी अशी, की रक्तपेशीत घासणारी दुसरी एक बाई असते, एरवी नुसती बसून असते. मेथिलीन ब्लू तिच्याकडून जोर उसना घेतं, तो घेताना स्वतः बिनरंगी होतं आणि कळकलेलं लोह उजळून देतं. काम झालं की लघवीवाटे निघून जातं. लघवी निळी-हिरवी होते, घाबरायचं नाही. पण निघून जातं म्हणून परिणामही टिकत नाही. डोंगरातल्या लोकांना म्हणून रोजच्या गोळ्या दिल्या होत्या.

आता तू लगेच विचारशील, मग छकुलीला ते इंजेक्शन का नाही देत. तुझे डॉक्टर नाही म्हणाले ते बरोबर म्हणाले. १९ टक्क्यांवर तिला त्रास काहीच नाही. डोकं दुखणं, दम लागणं हे सगळं सहसा वीस-तीसच्या पुढे सुरू होतं. आणि त्या दुसऱ्या बाईला काम करायला जी६पीडी नावाचं आणखी एक एन्झाइम लागतं. ते ज्यांच्यात कमी असतं, त्यांना मेथिलीन ब्लू दिलं तर रंग उतरत नाहीच, उलट रक्तपेशी फुटतात. आपल्याकडे पारशी समाजात, काही आदिवासी जमातींत आणि इतरांतही हा तुटवडा आढळतो. छकुलीची ती तपासणी झाली, ठीक आली, तो कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर लाव. रोजचं व्हिटॅमिन सी सांगितलंय तेवढंच आणि तितकंच दे. चांगलं म्हणून दुप्पट देऊ नकोस, मुतखडा होतो.

डॉक्टरांनी पहिला प्रकार आणि दुसरा प्रकार असं काही सांगितलं, त्यात तू गोंधळलीस. पहिल्यात फक्त लाल पेशींत एन्झाइम कमी असतं. दुसऱ्यात अंगातल्या सगळ्याच पेशींत, आणि तो खरंच वाईट, मेंदूची वाढच होत नाही. तुझी लेक मान धरते, पालथी पडते, माझा चष्मा ओढते, आत्याच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालते. पहिला प्रकार आहे तो. तपासणीला नेत राहा, पण रात्री दीडला उठून मान बघत बसू नकोस.

आणि तो ऑक्सिमीटर आत्याच्या हातून काढून घे. करोनात घेतलेला, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा ठेवलाय. रोज सकाळी पोरीच्या पायाला लावते आणि ८७ बघून दिवसभर डोळे पुसते. ते यंत्र दोन रंगांचे उजेड पाठवून अंदाज बांधतं. मेथेमोग्लोबिन दोन्ही उजेड सारखेच खातं, मग बिचारं यंत्र ८५ च्या आसपास घुटमळतं. त्याला कळत नाही, आत्याला कुठून कळणार.

खरं जपायचं ते दुसरीकडे. महिन्या-दोन महिन्यांत दात येतील, हिरड्या शिवशिवतील, आणि कुणीतरी प्रेमानं हिरडीला लावायचं जेल आणून देईल. बधिर करणारं बेन्झोकेन त्यात असू शकतं. ते धड बाळालासुद्धा निळं करू शकतं, हिच्या तर वाऱ्यालाही नको. ओलं फडकं गार करून दे, तू हातात धरून, चघळू दे. सुई टोचण्याआधी लावतात ते बधिरतेचं मलम, कुष्ठरोगावरची डॅप्सोन, मलेरियातली प्रायमाक्विन, हे सगळं तिच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. उद्या कुठल्या दाताच्या दवाखान्यात किंवा ऑपरेशनला न्यावं लागलं तर आधी तो कागद, मग पोर.

पाण्याचंही बघ. तुमच्या शेतातल्या बोअरचं पाणी गोड लागतं म्हणून मामंजी त्याचाच हट्ट धरतात. उसाला ओतलेल्या खताचं नायट्रेट मुरत मुरत त्या पाण्यात उतरतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की विहिरीच्या अशा पाण्यात दूध कालवून पाजलेली अगदी धडधाकट बाळं निळी पडत होती. लहान बाळाचं ते घासणारं एन्झाइम मुळातच अर्ध्या ताकदीचं असतं. आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि महाराष्ट्रात कितीतरी विहिरी ती ओलांडतात. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. तेव्हा तुमच्या बोअरच्या पाण्याची बाटली मला पाठव, मी तपासून घेते. तोवर तिच्या पेजेला आणि नाचणीच्या सत्त्वाला ते पाणी नको. आणि पालक शिजवून वाटून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही, त्यातलंही नायट्रेट पालटत जातं.

आता राहिलं ते बोलायला अवघड. तुझ्या नवऱ्यात आणि तुझ्यात हा दोष एकेका बाजूनं आहे, म्हणून तुमच्या दर मुलाला चारात एक असा धोका. पहिलं झालं म्हणून पुढची तीन सुटली असा हिशोब नसतो, दर वेळी फासे नव्यानं पडतात. दुसरं मूल हवं की नको हे तुम्ही दोघांनी ठरवा, आधी समुपदेशकाला भेटा. जांभळी आत्या आजोबांची बहीण, तिथून आप्पा आणि आत्या, तिथून तू आणि तुझा नवरा. मी अजून स्वतःचं तपासलेलं नाही. लॅबमध्ये रोज दुसऱ्यांच्या नळ्या लावते आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी लिहायला हात धजत नाही. माझ्या मुलाचं पुढच्या वर्षी बघायचं चाललंय, आणि त्याच्या डोक्यात मामेबहीण आहे. तेव्हा धजावंच लागेल.

आत्यासाठी एक सांगते. जपानमध्ये इवाते म्हणून प्रांत आहे, तिथेही अशी घराणी होती. प्रकार वेगळा, हिमोग्लोबिनची घडणच वेगळी, एकाच पालकाकडून येणारा आणि मेथिलीन ब्लूला न जुमानणारा. तिथे लोक त्यांना कुचिकुरो म्हणत, म्हणजे काळं तोंड. आपल्याकडे तोंड काळं करणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. निदान आपल्या घरानं जांभूळ तरी निवडलं होतं.

आत्याला विचार, जांभळीचं खरं नाव काय होतं. तिला नक्की माहीत असणार. तिच्या ट्रंकेत तळाशी आजोबांच्या लग्नातला फोटो आहे, त्यात डावीकडे कोपऱ्यात ती बसलीय. काळा-पांढरा फोटो, ओठ सगळ्यांसारखेच. छकुलीच्या फाइलमध्ये घराण्याची आकृती काढायची आहे डॉक्टरांना, त्यात नाव लागेल, 'जांभळी' कसं लिहिणार?

आणि तू. बारशाचे फोटो तू सगळ्यांना पाठवलेस, त्यात छकुली गुलाबाच्या फुलासारखी दिसते. मोबाइलमध्ये रंग बदललास, ते मला पहिल्या नजरेत कळलं. हातमोजे घातलेस, उन्हाळ्यात! मी काही बोलले नाही तेव्हा.

शनिवारी साडेसहाच्या एसटीनं येते. बाजारात जांभळं आलीत, द्रोण द्रोण भरून. दोन किलो आणते. आत्याला म्हणावं मोठं ताट आणि मीठ काढून ठेव, आणि त्या दिवशी पोरीचे हातमोजे धुवायला टाक. फोटो मी काढणार आहे, माझ्या साध्या फोनवर.

ताई